आधीच्या विहिरी काय सांगतात?



तुमच्या घरी किंवा शेजारच्या रानात बोअर घ्यायचे ठरले, की पहिली चौकशी कशाची होते? आसपास कोणी बोअर घेतला होता, किती फुटांवर पाणी लागले, किती इंच लागले, की धूळच उडाली, याची. पाणाड्या नारळ घेऊन फिरतो ते नंतर. आमच्या मुरुडच्या बाजूला, लातूर–बार्शी रस्त्याच्या दोन्ही अंगांना, असे एकही शिवार नसेल जिथे ही चौकशी होत नाही. कारण बोअर कोरडा गेला तरी गाडीवाल्याचे पैसे फुटांवर मोजूनच द्यावे लागतात.

खनिज तेल शोधणारी कंपनीही अगदी हेच करते. फरक एवढाच, की तिची विहीर दोन-तीन हजार मीटर खोल जाते आणि समुद्रात असली तर एकेका विहिरीला कोट्यवधी रुपये लागतात. मोठ्या कंपनीला दहा विहिरी कोरड्या गेल्या तरी पेलते. लहान कंपनीकडे मात्र दोन-तीन विहिरींपुरताच पैसा असतो, आणि तोही बहुधा तिचे शेअर घेणाऱ्या सामान्य माणसांचा. ‘आमच्या क्षेत्रात पूर्वी तेल दिसले होते’ असे अशी कंपनी सांगते, तेव्हा त्या वाक्याचे वजन किती? आधीच्या विहिरींच्या नोंदी वाचून ते कसे ठरवायचे? आज आपण तेच पाहू या. त्यात भूगर्भशास्त्र आहे, थोडे गणित आहे आणि बरेचसे आपले भौतिकशास्त्रही आहे.

किल्लारीचे छिद्र

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर तेथील खडकांचा अभ्यास करण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. पहिले ३३८ मीटर काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट लागला. त्याखाली गाळाचा खडक लागला तो अवघा ८ मीटर. त्याच्याखाली अतिप्राचीन, स्फटिकमय पायाभूत खडक. पश्चिमेला कोयनेच्या परिसरात अशीच छिद्रे घेतली, त्यांपैकी एका १,५२२ मीटर खोल छिद्रात ९३२ मीटरांच्या आसपास काळा पाषाण संपला आणि गाळाचा थर न लागता थेट ग्रॅनाइट-नाइसच सुरू झाला.

ही छिद्रे तेलासाठी नव्हती, तरी तेलाच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यांनी देऊन टाकले. तेल तयार होते ते प्राचीन समुद्रांतील व सरोवरांतील सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून. हे अवशेष चिखलात गाडले जाऊन, वर हजारो मीटर जाडीचा गाळ साचून, साधारण १०० अंश सेल्सियसच्या आसपास लाखो वर्षे शिजावे लागतात. ८ मीटर गाळात काय शिजणार? म्हणून लातुरात तेलासाठी कोणी यंत्र उभे करत नाही. मात्र ‘काळ्या पाषाणाच्या प्रदेशात तेल नाही’ असा नियम यातून काढू नका. खंबातच्या खोऱ्यात आणि मुंबईच्या समुद्रात हाच काळा पाषाण तळाशी आहे आणि गाळाचे जाड थर त्याच्या वर आहेत. तेथे तेल आहे. सौराष्ट्र-कच्छकडे तर पाषाणाच्या खालीही गाळाचे जाड थर सापडले आहेत. तेव्हा एका छिद्राची साक्ष कुठवर पोहोचते, हा प्रश्न पहिल्यापासून मनात ठेवा.

चार अटी आणि एक गुणाकार

तेलाचा साठा होण्यासाठी चार गोष्टी लागतात. तेल शिजवणारा उगमखडक हवा. ते साठवणारा सच्छिद्र खडक हवा, उदाहरणार्थ वालुकाश्म किंवा चुनखडी. त्या खडकाला उलट्या वाटीसारखा किंवा दुसरा कोणता तरी आकार हवा, म्हणजे पाण्यापेक्षा हलके तेल वर चढून तेथे अडकेल. आणि वर न गळणारे झाकण हवे. चारांपैकी एक जरी नसली, तरी विहीर कोरडी.

प्रत्येक अट पूर्ण होण्याची संभाव्यता आपण समजुतीसाठी धरू: उगमखडक ०.५, साठवण ०.७, आकार ०.६, झाकण ०.७. चारही एकाच वेळी हव्यात, म्हणून गुणाकार करायचा.

०.५ × ०.७ × ०.६ × ०.७ = ०.१४७

म्हणजे सातांत एक. प्रत्येक अट निम्म्याने किंवा त्याहून जास्त शक्य असूनही एकूण शक्यता इतकी खाली येते. वर्गात हे मांडले की मुलांना नेहमी आश्चर्य वाटते.

आता शेजारच्या विहिरीत थोडेसे तेल सापडले, पण विकण्याजोगे नाही, असे समजा. वर्तमानपत्र लिहील, ‘विहीर अयशस्वी’. पण त्या अयशस्वी विहिरीने सिद्ध काय केले? या खोऱ्यात उगमखडक आहे आणि तो शिजलेला आहे. मग पहिला आकडा ०.५ चा जवळजवळ १ होतो आणि गुणाकार ०.२९४ येतो. एका ‘अपयशा’ने पुढच्या विहिरीची शक्यता दुप्पट झाली! उलट, विहिरीत उत्तम वालुकाश्म लागला, आकारही नकाशाप्रमाणे निघाला, झाकणही होते, पण तेलाचा वासही नाही, असे झाले तर संशय उगमखडकावर जातो. तो संशय खोऱ्यातल्या सगळ्याच जागांना लागू पडतो. दोन्ही विहिरी ‘कोरड्या’च, पण त्यांचा अर्थ अगदी विरुद्ध. म्हणून किती विहिरी कोरड्या गेल्या हे मोजण्याआधी त्या का कोरड्या गेल्या, हे विचारायचे.

राजस्थानातील बाडमेरचे उदाहरण घ्या. तेथील क्षेत्र १९९५ पासून शेल या बलाढ्य कंपनीकडे होते. त्यात केर्न ही स्कॉटलंडची त्या मानाने लहान कंपनी भागीदार झाली. खोऱ्याच्या दक्षिण व मध्य भागांत लागलेले शोध छोटे निघाले आणि शेलचा रस संपला. २००२ मध्ये केर्नने शेलचा उरलेला हिस्सा सुमारे ७२.५ लाख डॉलरांना घेतला. तेलाच्या धंद्यात ही किरकोळ रक्कम आहे. केर्नने खोऱ्याच्या उत्तर भागाकडे मोर्चा वळवला, आणि जानेवारी २००४ मध्ये तेथे ‘मंगला’ हे प्रचंड क्षेत्र सापडले. त्यात मुळात १०० कोटी पिंपांहून अधिक तेल आहे. (एक पिंप म्हणजे १५९ लिटर.) हे तेल इतके मेणचट की साध्या तापमानाला गोठते, ते गुजरातकडे नेण्यासाठी सुमारे ६७० किलोमीटर लांबीची, वाटभर तापवत ठेवलेली नळवाहिनी घालावी लागली. २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. शेल आणि केर्न, दोघांसमोर आधीच्या विहिरींच्या त्याच नोंदी होत्या. एकीला त्यांत छोटे साठे दिसले, दुसरीला शिजलेला उगमखडक दिसला.

पण घाई नको. असे धाडस करून बुडालेल्या कंपन्यांची नावे तुम्हांला कोणी सांगणार नाही, कारण त्या उरल्याच नाहीत. यशाच्या गोष्टी मागे राहतात आणि कोरड्या विहिरी सिमेंटने बुजवल्या जातात.

सायकलची ट्यूब आणि विहिरीचा दाब

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. जुन्या नोंदीत असे वाक्य असते: ‘चाचणीत दररोज १,००० पिंप या दराने तेल वाहिले.’ ऐकायला छान वाटते. पण चाचणी बहुधा काही तासांचीच असते आणि दर दिवसाचा सांगतात. बोअरची गाडी उभी असताना पाण्याचा फवारा झाडाच्या शेंड्याला लागलेला तुम्ही पाहिला असेल. तोच बोअर फाल्गुनात काय करतो, तेही पाहिले असेल. पहिला जोर साठ्याचा आकार सांगत नाही.

मग आकार कशावरून कळतो? एक सायकलची ट्यूब आणि एक ट्रॅक्टरची ट्यूब घ्या. दोन्हींत हवेचा दाब सारखा भरा. आता दोन्हींतून सारखीच, लहानशी फुगाभर हवा सोडा. सायकलच्या ट्यूबचा दाब चांगलाच उतरेल. ट्रॅक्टरच्या ट्यूबला कळणारही नाही. आतला साठा न पाहता, किती काढले आणि दाब किती उतरला यावरून तुम्ही आकारमानाचा अंदाज केलात.

तेलाच्या विहिरीतही हेच करतात. काही काळ तेल वाहू देतात, मग विहीर बंद करून तळाचा दाब मोजत राहतात. बंद केल्यावर दाब हळूहळू चढतो, कारण दूरच्या खडकातून तेल विहिरीपाशी येत असते. विहिरीवरची मोटार बंद केल्यावर झऱ्यांनी पाणी पुन्हा चढते, तसेच. किती लवकर चढतो यावरून खडकाची पार्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याचा गुण, कळतो. आणि शेवटी जुन्या खुणेपर्यंत पोहोचतो की खालीच थांबतो, यावरून साठ्याचा आकार कळतो.

एक हिशेब करू. तेल, पाणी आणि खडकाची छिद्रे मिळून दाबाच्या प्रत्येक वातावरणामागे आकारमानात साधारण ०.०००२ भाग फरक पडतो, असे धरा. साठा चारी बाजूंनी बंद आहे. चाचणीत १,००० घनमीटर तेल काढले आणि दाब कायमचा ५ वातावरणांनी उतरला. तर

साठा = १,००० ÷ (०.०००२ × ५) = १०,००,००० घनमीटर

दहा लाख घनमीटर हा आकडा मोठा वाटतो. पण साठ्यातले सगळे तेल कधीच वर येत नाही. खडकाच्या बारीक छिद्रांत बरेचसे चिकटून राहते. तीन लाख घनमीटर हाती आले तर चांगलेच. त्याची होतात सुमारे १९ लाख पिंपे. भारताची रोजची गरज ५० लाख पिंपांहून अधिक आहे. म्हणजे हा सगळा साठा देशाला अर्धा दिवसही पुरणार नाही. तेवढीच चाचणी करून दाब फक्त अर्धा वातावरण उतरला असता, तर साठा दसपट निघाला असता. दोन्ही विहिरींचा पहिल्या दिवसाचा प्रवाह सारखा असू शकतो, हे लक्षात घ्या. म्हणून जुन्या नोंदीत प्रवाहाचा आकडा दिसला, की शेजारी दाबाचा आकडा शोधायचा. तो गाळलेला असेल तर का गाळला असेल, याचाही विचार करायचा.

विजेने घेतलेली साक्ष

५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुम्बर्जर बंधूंच्या सहकाऱ्यांनी एका तेलविहिरीत विद्युत्-अग्रे सोडली आणि ठरावीक अंतरांवर थांबून खडकाचा रोध मोजला. बिंदू हाताने मांडून आलेख काढला. जगातला हा पहिला विद्युत् विहीर-आलेख. तत्त्व सोपे आहे. जमिनीतले खारे पाणी विजेचे वाहक, तर तेल दुर्वाहक. सच्छिद्र खडकात रोधकता एकदम वाढलेली दिसली, की तेथे पाण्याऐवजी तेल किंवा वायू असण्याची शक्यता.

पण यातही फसगत आहे. वालुकाश्मात चिकणमातीचे बारीक पापुद्रे असले, तर त्यांना धरून राहिलेले पाणी वीज वाहून नेते आणि तेल असूनही रोधकता कमी दिसते. जुन्या उपकरणांना पातळ थर वेगळे दिसत नसत. त्यामुळे काही ठिकाणी पूर्वी ‘पाणी’ म्हणून सोडलेल्या थरात पुढे तेल निघालेले आहे. लहान कंपन्यांना हा मुद्दा फार प्रिय असतो, ‘त्या काळी त्यांच्या लक्षात आले नाही!’ कधी ते खरे असते. पण आलेख ही परिस्थितिजन्य साक्ष झाली. त्या थरातून तेल प्रत्यक्ष वर आले होते का? विहिरीच्या चुऱ्याला तेलाचा अंश लागणे, तेल वाहणे आणि परवडेल इतके वाहत राहणे, या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. जाहिरातीत तिन्हींना ‘तेल सापडले’ एवढेच म्हणतात.

एकाच विहिरीवरून किती बोलावे, याचा धडा कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मिळाला. २००५ मध्ये गुजरात राज्याच्या पेट्रोलियम महामंडळाला आंध्र किनाऱ्याजवळच्या समुद्रात वायू लागला आणि साठा २० लाख कोटी घनफूट असल्याचे जाहीर झाले. पुढे आणखी विहिरी घेऊन विकासाचा आराखडा मंजूर झाला तेव्हा आकडा त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उरला. खडक खोल, तापमान व दाब प्रचंड आणि पार्यता फारच कमी. वायू असूनही वाहत नव्हता. २०१७ मध्ये त्या क्षेत्राचा ८० टक्के हिस्सा तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने विकत घेतला.

मोठ्याला नको, लहानाला पुरे

मुंबईच्या समुद्राची गोष्ट वेगळी. १९७४ पूर्वी तेथे मागे पाहायला एकही विहीर नव्हती. १९६० च्या दशकातील भूकंपीय सर्वेक्षणात तळाखालचा घुमटासारखा प्रचंड आकार दिसला होता, आणि उत्तरेला जमिनीवर १९५८ मध्ये लुणेजला व १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले होते. १९७० मध्ये खंबातच्या आखातातील अलिया बेटापाशी घेतलेल्या विहिरीत किफायतशीर तेल मिळाले नाही. तरीही ‘सागर सम्राट’ या जपानी बांधणीच्या यंत्रनौकेने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर छिद्र घेतले आणि १९ फेब्रुवारी १९७४ रोजी तेल लागले. २१ मे १९७६ पासून उत्पादन सुरू झाले.

बॉम्बे हायच्या आसपास पुढे अनेक छोटे साठे सापडले. मोठ्या महामंडळाने ते तसेच ठेवले, कारण त्यांच्यासाठी स्वतंत्र फलाट आणि नळ परवडत नव्हते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने देशातील अशा सापडलेल्या पण न वापरलेल्या साठ्यांची ४६ क्षेत्रे लिलावात मांडली. मुंबईच्या समुद्रातील ‘बी-८०’ हे त्यांपैकी एक. ते हिंदुस्थान ऑइल एक्स्प्लोरेशन या १९८३ साली स्थापन झालेल्या लहान कंपनीने भागीदारीत घेतले आणि २०२२ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. येथे ‘तेल आहे का’ हा प्रश्नच नव्हता. जुन्या विहिरींनी तो सोडवलेला होता. उरलेला प्रश्न किती दिवस वाहील आणि यंत्रे वेळेवर बसतील का, हा. लहान कंपनीच्या प्रकृतीला असा प्रश्न अधिक मानवतो, असे मला वाटते.

का, ते पाहा. प्रत्येक विहिरीत यशाची शक्यता पाचांत एक आहे. तीन विहिरींचा पैसा असलेल्या कंपनीच्या तिन्ही विहिरी कोरड्या जाण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२, म्हणजे निम्म्याहून जास्त. दहा विहिरींचा पैसा असेल तर ०.८ चा दहावा घात, ०.१०७. जमीन तीच, शास्त्रज्ञही तितकेच हुशार. तरी एक कंपनी बहुधा बुडते आणि दुसरी बहुधा तगते. त्यात आणखी एक मेख. हा गुणाकार विहिरी परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा. एकाच खोऱ्यात उगमखडकच नसेल तर दहाही विहिरी एकदमच कोरड्या जातील. ‘आता तीन फेल गेले, चौथ्याला लागणारच’ असे म्हणून कर्ज काढणारा शेतकरी तुमच्या ओळखीचा असेल. चौथा बोअर आधीच्या तिन्हींची भरपाई करायला बांधलेला नसतो. तिन्ही एकाच खडकात गेले असतील तर चौथ्याची आशा उलट कमीच धरायला हवी.

करून पाहा

एक वही घ्या आणि गावातल्या वीस-पंचवीस बोअरची नोंद करा: कोणत्या वर्षी घेतला, किती फूट, पहिले पाणी कितीवर, किती इंच, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले तेव्हा, तो चालू होता का.

नोंद दोनदा करायची. पहिल्यांदा पारावर बसून नुसते विचारा, ‘गावात चांगले बोअर कोणाचे?’ दुसऱ्यांदा गट नंबर धरून ओळीने रानोरान फिरा आणि बुजवलेले, दगड ठेवून झाकलेले बोअरही मोजा. दोन्ही यादींतून यशाचे प्रमाण काढा आणि तुलना करा.

मग अशा जोड्या शोधा, ज्यांतले दोन बोअर एकमेकांपासून शंभर मीटरांच्या आत आहेत. पहिल्याला पाणी लागले असताना दुसऱ्यालाही लागले, असे किती वेळा झाले? हे प्रमाण गावाच्या एकूण प्रमाणाहून फारसे जास्त नसेल, तर शेजाऱ्याच्या बोअरवरून तुमच्या रानाविषयी फारसे कळत नाही. काळ्या पाषाणात पाणी बहुतेक करून भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असते. भेग तुमच्या बांधाच्या अलीकडेच वळलेली असू शकते. वालुकाश्माचा थर मैलोन्‌मैल जातो, म्हणून तेलाच्या विहिरीची साक्ष लांबवर चालते. जोड्यांमध्ये ज्या बोअरला पाणी लागले होते, पण शेजारी दुसरा झाल्यावर कमी झाले, त्यांच्यापुढे वेगळी खूण करा. तेथे दोन्ही बोअर एकाच ट्यूबमधून हवा सोडत आहेत.